शांताबाईचं हिरवं फडकं

आज सकाळी तव्यावर भाकर करपली आणि त्या वासासरशी शांताबाई आठवली. इतकी वर्षं झाली, तरी माझा जळफळाट काही कमी होत नाही.

तेव्हा नांदेडला विहाराशेजारच्या खोलीत आम्ही बाया भुकेल्यांसाठी भाकरी जमवायचो. जिनं तिनं घरून चार भाकरी आपापल्या फडक्यात बांधून आणायच्या. शांताबाईच्या जाडजूड, कडेनं करपलेल्या. माझ्या पातळ, पांढऱ्याशुभ्र. तरी माहूरकडचा एक म्हातारा हमाल रोज तिचंच हिरवं फडकं सोडायला लावायचा.

एका दुपारी ती पाणी आणायला गेली तेव्हा मी गुपचूप तिच्या फडक्यातल्या भाकरी काढून माझ्या ठेवल्या. म्हाताऱ्यानं पहिला घास घेतला आणि थांबला. आता कौतुक करील म्हणून मी जवळ सरकले.

"शांताबाईला बरं न्हाई का?" त्यानं मलाच विचारलं. "भाकर लई नाजूक झाली. हातात जोर न्हाई तिच्या आज."

मग तिच्या काळजीत त्यानं माझी भाकर शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली.

आजची करपलेली भाकर घरातल्यांनी मुकाट्यानं खाल्ली. मला बरं आहे का, हे कुणी विचारलं नाही.