प्लास्टरमधली टेलिफोनची तार

सरकारने घेतलेल्या वडिलांच्या मिठागराच्या मोबदल्याची सुनावणी ऑनलाइन होती. ते आतल्या खोलीत पडून असतात आणि डॉक्टरांनी त्यांना हलवायचं नाही म्हणून बजावलंय. तिथे ना वाय-फाय पोचतं, ना मोबाईलला रेंज. भिंतीत जुनी टेलिफोनची वायर आहे, तिच्यावरच लॅपटॉप जोडू, असं मी छाती ठोकून सांगितलं होतं. गावभरच्या हक्कांची पत्रकं लिहिणाऱ्या मला घरातला टेलिफोनचा बोर्ड उघडायला सुनावणीची सकाळ उजाडावी लागली.

आत दोनच तारा, त्याही खोलीखोलीत कापून पुढे जोडलेल्या. नेटवर्कला किमान चार लागतात, त्याही अखंड.

"हे कुणी करून घेतलं?"

"मीच," वडील म्हणाले. "सगल्या खोल्यांन घंटी वाजाया नको? लोकांना कलूदे ना, आपले घरी फोन हाय!"

मी केबल आणायला बाजारात धावलो. परतलो तर हॉलमधल्या लॅपटॉपसमोर आई रडत होती. तेवढ्यात वडिलांचा नंबर पुकारून झाला होता. तिने "घरातच हायेत" म्हणून सांगितलं, पण सुनावणी घेणाऱ्या साहेबांना माणूस पडद्यावर हवा होता. नोंद झाली, अर्जदार गैरहजर. दहा पावलांवरचा माणूस गैरहजर!

आतून वडिलांनी विचारलं, "माझा नंबर आला का रं?"

"अजून नाय," मी म्हणालो.