अर्धं आधी, अर्धं मागाहून

सकाळी नऊला ऑफिसातला फोन वाजला. पलीकडे वैशाली होती, हसुरामकाकांची थोरली मुलगी. "ताई, बाबा गेले पहाटे. भाऊ वाटेत हाय, किती वाजता नेनार ते अजून ठरला नाय. दहाला परत फोन करते." मी घड्याळाकडे बघत बसले. बरोबर दहाला फोन वाजला. अजूनही काही ठरलं नव्हतं, आणि तेवढंच सांगायला तिने फोन केला होता... बाप गेलेल्या घरातून. या गोष्टीला महिना होत आला. तो दुसरा फोन मी अजून विसरलेले नाही, कारण तो फोन तिला कुणी शिकवला ते मला ठाऊक आहे.

हसुराम पाटील तळवलीचे. आमच्या कारखान्याची शेड तिथून जवळच, नवी मुंबईतल्या रबाळ्यात, पंपांत बसणारी रबरी सील आम्ही बनवतो. काका डिस्पॅच बघायचे, म्हणजे माल वेळेवर रवाना करायचा आणि तो झाला नाही की गिऱ्हाइकाच्या शिव्या खायच्या. दहावी नापास, इंग्रजी कामापुरतं, बोली अस्सल आगरी. पुण्या-मुंबईच्या साहेबांशीही तीच. मी त्यांच्या हाताखाली लागले ती साताऱ्याकडची, घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहणारी, नाकावर राग असलेली पोरगी. मार्केटात गोणी उचलून वडिलांची पाठ गेली होती, घर माझ्या पगारावर होतं, तरी पहिल्याच आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाला "आमच्याकडे काय जादूची कांडी आहे का?" असं विचारून बसले. काका नुसते हसले. फोनशेजारी त्यांचा स्टीलचा पेला असायचा. कटकटीचा फोन करायचा असला की अर्धं पाणी आधी प्यायचे, अर्धं फोन ठेवल्यावर. मला वाटे, असते एकेकाची तऱ्हा. एकदा विचारलं तर म्हणाले, "तोंडात पानी असला का तोंड बंद ऱ्हतं, नंदा."

आमच्या औद्योगिक वसाहतीत एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं: गाडी निघाली. माल साच्यात असो, नाहीतर साचाच दुरुस्तीला गेलेला असो, गाडी आपली कायम निघालेली. पेजर नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. रबर तापवून साच्यात दाबणाऱ्या मोठ्या प्रेसचा हीटर जळाला आणि पुण्याच्या एका पंप कंपनीचा माल अडला. दुसऱ्या दिवशी त्यांचं परदेशी गिऱ्हाईक पंप तपासायला येणार होतं. तिथले खरेदी बघणारे साने साहेब सकाळपासून चार वेळा कडाडले होते. पाचव्या फोनला काका जागेवर नव्हते. मी बोलून टाकलं, "गाडी निघाली, साहेब." साहेब एकदम निवळले, आभारसुद्धा मानले. ते आभार ऐकून मी काकांची वाट बघत बसले.

काका आले तेव्हा मी सगळं सांगितलं. आमचा निम्मा माल त्याच कंपनीला जायचा. ती तुटली तर माझी नोकरी टिकणार नव्हती. आता काका फोन करून सावरतील अशी मला आशा होती. त्यांनी पेला माझ्यापुढे सरकवला. "खोटा तू बोललीस, खरा पन तूच बोल. आताच. उद्या त्याला सोताला कळला, मंग तुझा कोन ऐकनार?"

मी अर्धं पाणी प्यायले आणि नंबर फिरवला. साहेबांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हीटर काय मी जाळला, हे अगदी जिभेवर आलं होतं. समोर काका पेल्यावर बोट ठेवून बसले होते. साहेबांचं सगळं बोलून झाल्यावर मी त्यांचंच म्हणणं त्यांना पुन्हा सांगितलं, चूक कबूल केली, हीटर चारपर्यंत बसेल असं मिस्त्री म्हणतोय आणि चारला मी फोन करीन, असं म्हटलं. चारला हीटर बसला नव्हता. सांगण्यासारखं काहीच नाही म्हणून मी टाळायला लागले, तर काका म्हणाले, "मंग तेच सांग. टाइम दिलास ना तू?"

चारच्या फोनवर साहेब ओरडले नाहीत. मग काकांनी रिसीव्हर मागून घेतला आणि दिवसभर कुणाला न सुचलेला प्रश्न विचारला, "साहेब, तो पावना उद्या पंप किती उघडनार?" बारा. बारा पंपांपुरती सील जुन्या हातप्रेसवर निघत होती. पिशवी मांडीवर घेऊन काका स्वतः एसटीने पुण्याला गेले. तपासणी पार पडली. तरी पुढच्या वेळी साहेबांनी निम्मी ऑर्डर दुसरीकडे दिली. तो फटका बसायचा तो बसलाच. मालकांपुढे काका माझ्या शेजारी उभे राहिले, म्हणून मी नोकरीत राहिले. त्यानंतर मात्र साने साहेब फोनवर म्हणायचे, "नंदाबाईंना द्या, त्या सांगतील तेवढंच खरं."

काका संत होते असं कुणी समजू नये. कालवणात मीठ कमी पडलं तर ताट सरकवून उठायचे, हे काकींनीच मला सांगितलं. म्हणजे तो शांतपणा अंगचा नव्हता, कमावलेला होता. हे कळल्यावर मला फार धीर आला... आपल्यालाही जमेल म्हणून.

ते गेले त्या दिवशी बारा वाजता एका गिऱ्हाइकाला फोन करायचं मी कबूल केलं होतं. बाराला दहा मिनिटं कमी असताना मी तळवलीत, त्यांच्या घरात होते. काकांना अंगणात ठेवलं होतं. कोपऱ्यात फोन होता. एक फोन करू का, असं मी वैशालीला हळूच विचारलं. बायकांत कुणीतरी पुटपुटलं, "आज पन कंपनीचा काम?"  वैशाली आत गेली आणि निवृत्त होताना काका घरी घेऊन आले होते तो पेला भरून आणून तिने फोनशेजारी ठेवला. मी अर्धं पाणी प्यायले. बाराला नंबर लावला. माल अजून तयार नाही, चारला पुन्हा सांगते, एवढंच बोलले आणि फोन ठेवला. मग मी रडले, अगदी ओक्साबोक्शी. रडून झाल्यावर उरलेलं अर्धं पाणी प्यायले.

स्मशानातून माणसं परतल्यावर मी ऑफिसात गेले आणि चारला फोन केला.