आतले टाके

परभणीच्या दवाखान्यात गर्भाची पिशवी काढली तेव्हा ताडकळसची दैवशाला अडतीस वर्षांची होती. गाठींमुळं वर्षभर अंगावरून जाणारं रक्त थांबलं. पण घरी आल्यापासून तिला नवऱ्याची, वाल्मीकची, भीती वाटायला लागली. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला तरी ती अंग चोरायची.

वाल्मीक काही वाईट माणूस नव्हता. भीती चार वर्षांमागची होती. धाकट्या बहिणीची, शिवकन्येची, अशीच पिशवी काढली होती. विसाव्या दिवशी ती नवऱ्यासोबत ऊसतोडीला आली. दैवशालाही त्याच टोळीत होती. एका सकाळी शिवकन्येला रक्त सुरू झालं ते थांबेचना. ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेताना तिचं डोकं दैवशालाच्या मांडीवर होतं. ती वाटेतच गेली. लोक म्हणाले, मोळ्या उचलल्यानं झालं. पण जाण्याआधी ती पुटपुटली होती, "आक्का, राती मला त्यास्नी नगं म्हणता आलं न्हाई."

हे दैवशालानं कुणालाच सांगितलं नव्हतं. आता भाकरी थापताना, न्हाणीत, तो दमलेला आवाज पार कानाशी यायचा.

सहा आठवड्यांनी ती तपासणीला गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखम भरत आलीय, तरी अजून दोन आठवडे नवऱ्याजवळ जायचं नाही, आणि पुढंही आधी तपासून घ्यायचं. रक्त, वास येणारं पाणी, ताप, दुखणं, काहीही झालं तर लगेच यायचं. तेव्हा दैवशालानं विचारलं, आतले टाके उसवले तर बाई मरते का? घाई केली तर जिवावर बेतू शकतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी वाल्मीकला आत बोलावून सगळं पुन्हा सांगितलं.

एसटीची वाट बघताना दैवशालानं नवऱ्याला शिवकन्येचं सांगितलं. मेहुणीला त्यानंच खांदा दिला होता. तो म्हणाला, "तू म्हणशील तवाच. न्हाई म्हणलीस तर न्हाई."

दुसऱ्या तपासणीत जखम भरल्याचं कळलं, तरी महिना तसाच गेला. मग एका दुपारी, सासू बाजाराला गेलेली असताना, तीच त्याच्याजवळ गेली. सगळं सावकाश चाललं होतं. मध्येच पोटात ओढ बसली आणि तो आवाज आला.

"थांबा," ती म्हणाली.

वाल्मीक थांबला. तिच्या अंगावर चादर ओढून तो चहा ठेवायला उठला. दैवशाला भिंतीला टेकून कितीतरी वेळ रडली. थांब म्हटल्यावर माणूस थांबतो, हे तिच्या बहिणीला कधी कळलंच नव्हतं.

पुढं दोघांचं जमलं, हळूहळू. आता गावात कुणी बाई पिशवी काढून आली की दैवशाला तिच्या घरी जाते, नवऱ्यालाही समोर बसवून शिवकन्येचं सांगते. काही नवरे ऐकतात. काही मधूनच उठून जातात. त्या घरांवरून जाताना तिचा पाय अडखळतो. आतून काही ऐकू येतंय का, म्हणून ती दाराशी थोडी थांबते.