आई बाजारातून आली नाही ती दुपार

आई गावाहून आमच्याकडे राहायला आली तेव्हा आमच्या इमारतीसमोर रस्ता होता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे बरेच महिने तो नव्हता.

मुंबईबाहेर जूचंद्रला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा आजूबाजूला नुसतं गवत होतं, पाणी साचणारी खाजणाची जमीन होती आणि खिडकीतून डोंगरावरचं देवीचं देऊळ दिसायचं. बघता बघता समोर टॉवर उभे राहिले, मग त्यांच्या मागे आणखी. देऊळ दिसेनासं झालं. माणसं भराभर राहायला आली, पण स्टेशनकडे जाणारा रस्ता एकच राहिला आणि नळाचं पाणी तर आलंच नाही. सकाळी टँकर यायचा. त्याचा आवाज आला की अख्खी इमारत जागी व्हायची. सोसायटीतली माणसं अर्ज करून, मोर्चे काढून थकली होती. शेवटी एकदाची पाइपलाइन मंजूर झाली आणि ती टाकण्यासाठी आमचाच रस्ता खणायला घेतला. खणताना आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

आई दापोलीकडची. वडील गेल्यावर ती गावी एकटीच राहत होती. न्हाणीघरात घसरून पडली तेव्हा मी आणि माझा नवरा जाऊन तिला घेऊन आलो. ती यायला तयार झाली, पण इथे तिचं मन रमत नव्हतं. गावी ती दिवसभर पायी हिंडायची, नारळी-पोफळीच्या आगरात, ओढ्यावर, वाडीत कुणाकडे तरी. इथे खाली उतरली की एका बाजूला टँकर, दुसऱ्या बाजूला डंपर, मधे रिक्षा. फुटपाथ नावाची गोष्टच नव्हती.

"माणसाने चालायचं कुठे गो तुमच्या इथे?" असं ती पहिल्या आठवड्यातच म्हणाली.

तरी तिने हळूहळू एक गोष्ट शिकून घेतली. शेअर रिक्षात बसायचं, "स्टेशन" म्हणायचं, बाजारात उतरून भाजी, मासळी घ्यायची आणि तशाच रिक्षाने परत यायचं. परत येताना इमारतीचं नाव सांगायचं. ते तिला नीट पाठ नव्हतं, कारण आमच्या भागातल्या निम्म्या इमारती एकाच बिल्डरच्या. नाव तेच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. रंगही तोच, पिवळा आणि चॉकलेटी. पण रिक्षा अगदी गेटसमोर थांबायची, म्हणून निभायचं.

त्या दिवशी मी वालीवला कामावर होते. बाटल्यांची झाकणं बनवणारा छोटा कारखाना आहे, तिथे मी माल तपासायला असते. जेवणाच्या सुट्टीत रोजच्यासारखा आईला फोन केला. तिने उचलला नाही. पुन्हा केला. मग शेजारच्या काकूंना सांगितलं. त्यांच्याकडे आमची एक चावी असते. त्यांनी दार उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, फोन इथेच चार्जिंगला लावलाय. त्या सकाळी बाजारात गेल्या होत्या, मला विचारलं होतं काही हवंय का. अजून आलेल्या नाहीत."

बाजारातून यायला इतका वेळ तिला कधीच लागत नसे. मी सुपरवायझरना सांगून निघाले. ते भले गृहस्थ, लगेच म्हणाले, "पोचल्यावर कळवा."

वालीवहून हायवेला लागायचं आणि पुढे बापाण्याहून आत वळायचं, असा आमचा रस्ता. हायवेला लागलो आणि रिक्षा थांबली ती थांबलीच. पुढे कुठेतरी कंटेनर बंद पडला होता आणि एका बाजूचं काँक्रीटचं काम चालू असल्यामुळे वाहनांना एकच पट्टी उरली होती. ट्रकवाले इंजिनं बंद करून खाली उतरले होते. मी रिक्षात बसून नवऱ्याला फोन केला. तो मुंबईत ऑफिसात. "मी निघतो," म्हणाला. मी म्हटलं, तू येऊन काय करणार, थांब थोडा. तो तरीही निघाला.

काकूंनी तोवर आईचा फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकला. माझ्या मामेभावाच्या लग्नातला, हिरव्या साडीतला. खाली भराभर संदेश येऊ लागले. कुणी विचारलं, साडीचा रंग आज कोणता होता. कुणी दुसऱ्या टॉवरच्या ग्रुपवर पाठवला. मधेच एकाने विचारलं, "आज टँकर किती वाजता येणार?" मला त्याचा राग आला आणि मग गेलाही. त्याच्या घरात पाणी नसेल, तो तरी काय करणार.

बसून राहणं अशक्य झालं तेव्हा रिक्षावाल्याला पैसे देऊन मी उतरले आणि ट्रकांच्या कडेने चालू लागले. ऊन होतं, धूळ होती, पायातल्या सँडल चालायच्या नव्हत्या. त्या चालण्यात माझ्या डोक्यात नको नको ते येऊन गेलं. आईला रस्ता ओलांडायची सवय नाही. तिला चक्कर आली असेल. खणलेल्या चरात पडली असेल. तिला आपला पत्ता सांगता येणार नाही, हे तर मला पक्कं माहीत होतं. बापाण्याला पोचल्यावर एका मोटारसायकलवाल्या माणसाला हात केला. मागे त्याची बायको बसली होती. दोघांनी माझं ऐकून घेतलं, बायको खाली उतरली आणि म्हणाली, "जा तुम्ही, मी मागून येते चालत." तिचा चेहराही मला आता आठवत नाही.

जूचंद्रच्या नाक्यावर मी रिक्षावाल्यांना फोटो दाखवला. त्यातला एक लगेच म्हणाला, "या माझ्याच रिक्षात होत्या की. आज पुढे जेसीबी उभा केलाय, रस्ता पूर्ण बंद. सगळ्यांना इथेच उतरवलं. मी म्हटलं त्यांना, सरळ जा मावशी."

सरळ जायला काही नव्हतंच. समोर खोल चर, मातीचे ढीग, त्यावर टाकलेले पत्रे आणि डावी-उजवीकडे सारख्याच गल्ल्या. मी एकेका गेटवर विचारत गेले. प्रत्येक गेट पिवळं-चॉकलेटी. त्या दिवशी आईच्या जागी उभं राहून पाहिलं तेव्हा मलाही आमची इमारत कुठली, ते चटकन सांगता आलं नसतं.

एका वॉचमनने फोटो ओळखला. "आयी थी ये माताजी," तो म्हणाला. "बोली, सातवे माले पे मेरी बेटी रहती है. मैंने ऊपर पूछा. उधर तो दूसरा फॅमिली है." मग ती कुठे गेली, विचारलं. त्याने हाताने मागचा भाग दाखवला. "उधर, गाँव की तरफ. लंगडा रही थी थोडा."

लंगडत होती, हे मी त्याला पुन्हा विचारून घेतलं. मी तिथेच त्याच्या खुर्चीवर बसले. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. तेवढ्यात फोन वाजला. नंबर आमच्या गावच्या दुकानदाराचा. हा माणूस एरवी मला दिवाळीलासुद्धा फोन करत नाही. माझ्या मनात आलं, गावी आणखी काही झालं की काय.

"अगो, तू कुठे आहेस?" तो म्हणाला. "तुझी आई तिथेच आहे, तुझ्या जूचंद्रात. कुणाच्या तरी पडवीत बसली आहे. बरी आहे. तिला तुझा नंबर पाठ नाही, माझा आहे. त्या लोकांनी मला फोन लावला. घे, त्यांचा नंबर सांगतो."

मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही. वॉचमन मात्र घाबरून दोन पावलं मागे सरकला. आईने वर्षानुवर्षं गॅस संपला, साखर संपली की त्या दुकानात फोन केलेला. तेवढाच एक नंबर तिच्या बोटांना ठाऊक. माझी आई माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती आणि ती कुठे आहे, हे मला दापोलीहून कळत होतं.

त्या नंबरवर फोन केला तर एका वयस्क बाईचा आवाज आला. "ये गो, कालजी नको करू. आयस तुजी बरी हाय. गावातल्या देवलाच्या मागं ये, कोनालाबी विचार."

टॉवरच्या मागे जुनं गाव आहे हे मला माहीत होतं, पण इतक्या वर्षांत मी तिथे कधी गेले नव्हते. एक भिंत संपली, वळण आलं आणि एकदम बैठी कौलारू घरं, अंगणात वाळत घातलेलं भात, एक म्हातारं चिंचेचं झाड. पडवीत आई पाय पसरून बसली होती. एका पायाला फडकं बांधलेलं, समोर ताट आणि ताटात भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. ती शांतपणे जेवत होती. मला पाहून म्हणाली, "चप्पल तुटली बघ."

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि तिचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. तिला ते थोडं अवघड वाटलं असावं, कारण तिचा तो जेवायचा हात होता.

घरातली बाई आईच्याच वयाची. तिने मला आधी पाणी दिलं. "पानी पी पयले. मग बोल." मग तिनेच सगळं सांगितलं. आई पत्र्यावरून चर ओलांडताना पाय मुरगळून खाली बसली होती. कुणी उठवून बाजूला केलं आणि निघून गेलं. ती उठली, दोन-तीन इमारतींत विचारून पाहिलं आणि मग ज्या बाजूला झाडं दिसली त्या बाजूला चालत आली. "मना वाटला, आमच्याच गावची कोनतरी हाय," ती बाई म्हणाली. "अशी लुगड्याचा पदर खोचून आली ना."

"तुम्ही इमारतीत राहता ना?" तिने मग विचारलं. कुठली, ते मी सांगितलं. ती जरा हसली. "तिथं आमचा भात व्हता. चांगला पिकायचा." तिच्या आवाजात राग नव्हता, पण मी उगाचच ताटाकडे पाहत राहिले. आईनेच ते सावरलं. म्हणाली, "आमच्याकडे पण आता आगरं विकायला काढलीत सगळ्यांनी." मग दोघी भाताच्या जातींवर बोलू लागल्या. त्यातलं मला निम्मं कळलं नाही.

नवरा संध्याकाळी पोचला तेव्हा आम्ही घरी येऊन चहा घेत होतो. त्याला ट्रेन वेळेवर मिळाली होती. स्टेशनपासून घरापर्यंतच त्याला ट्रेनच्या प्रवासाहून जास्त वेळ लागला. तो आईकडे पाहतच आत आला आणि बूट न काढताच सोफ्यावर बसला. एरवी त्याला हे कुणी केलेलं चालत नाही. काकूंनी ग्रुपवर कळवलं, "आई सापडल्या." खाली जोडलेले हात, फुलं, बदाम अशी इतकी चित्रं आली की आईने विचारलं, हे सगळे कोण? मी म्हटलं, शेजारी. "एवढे?" ती म्हणाली. टँकरचं विचारणाऱ्या माणसाने रात्र व्हायच्या आत घरी येऊन पायाला लावायला लेप आणून दिला. तोवर आम्ही त्याला ओळखतही नव्हतो.

पाय बरा व्हायला वेळ लागला. मला वाटलं होतं, आता ती गावी जायचा हट्ट धरेल. मीही मनात तयारी केली होती की धरला तर नाही म्हणायचं नाही. पण चालता येऊ लागल्यावर तिने पहिल्यांदा विषय काढला तो गावाचा नव्हताच. "त्या बाईंकडे काहीतरी घेऊन जायला हवं," ती म्हणाली. मग आमसुलं आणि कुळथाचं पीठ घेऊन आम्ही गेलो. तिकडून येताना वांगी आली. त्यानंतर ती एकटीच जाऊ लागली. जुन्या गावातून बांधावरून एक पायवाट आमच्या मागच्या गेटापर्यंत येते. तिथे गाड्या येत नाहीत. आईला चालायला जागा मिळाली.

रस्ता पुढे बुजवला. अर्धा डांबरी आहे, अर्धा अजून मातीचा. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. पहिल्या दिवशी आलं तेव्हा बायकांनी नळाला हळदकुंकू लावलं आणि आईने तर तिथेच बसून सगळी भांडी पुन्हा घासून काढली, स्वच्छ असूनही. इमारती अजून वाढताहेत, शेअर रिक्षाची रांग अजून लांबतेय, हायवेवर कंटेनर अजून बंद पडतात. हे बदललंय असं मी म्हणणार नाही.

गेल्या आठवड्यात आई आणि जुन्या गावातली ती बाई पाचूबंदरला सुकी मासळी आणायला गेल्या होत्या. स्टेशनच्या पश्चिमेला, समुद्राकाठच्या किल्ल्यापलीकडे, दोन बस बदलून. मी कामावर होते. संध्याकाळी घरी आले तर सगळ्या घरात सोड्यांचा, सुक्या कोळंबीचा, वास भरला होता आणि नवरा खिडक्या उघडत होता. आई स्वयंपाकघरात वाटे करत बसली होती, एक आमचा, एक काकूंचा, एक टँकरवाल्या शेजाऱ्याचा.

"बस मिळाली का नीट?" मी विचारलं.

"येताना उभं राहावं लागलं," ती म्हणाली. "पण तिने कंडक्टरला असं काही सुनावलं की त्याने उठून आपली जागा मला दिली."