बावीस तक्ते आणि एक यादी

ताई रुग्णालयाच्या कार्यालयात प्रोग्राम लिहायच्या. आधी बारा वर्षं औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळला. प्रोग्रामिंग शिकल्या त्या छत्तिसाव्या वर्षी, मुलीच्या पुस्तकांवरून. नणंद म्हणाली होती, "वहिनी, मशीनला काय शिकवतेस, आधी माझ्या भावाला शिकव." दोन्ही शिकवण्या चालू राहिल्या, निकाल एकीचाच लागला.

रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचा प्रोग्राम ताईंचाच. त्यात प्रत्येक रुग्णाचा आहारतक्ता म्हणजे एक ऑब्जेक्ट, माहितीचं एक वेगळं गाठोडं. नवा रुग्ण आला की प्रोग्राम पथ्याचे सगळे नियम डेटाबेसमधून पुन्हा वाचायचा आणि तक्ता पहिल्यापासून रचायचा. सकाळी चाळीस जण दाखल झाले की नाश्त्याच्या गाड्या तासभर खोळंबायच्या.

मग ताईंनी प्रोटोटाइपची पद्धत घेतली. मधुमेहाचा एक, मूत्रपिंडाचा एक, ऑपरेशननंतरचा एक, असे नमुना-तक्ते एकदाच नीट तयार केले. नवा रुग्ण आला की नमुन्याची नक्कल काढायची, नाव आणि खाट बदलायची, लागेल तेवढा फरक करायचा. गाड्या वेळेवर सुटू लागल्या. कार्यालयाचे साहेब खूश.

चौथ्या दिवशी सकाळी मुख्य आचाऱ्याचा फोन आला.

"ताई, कोंबड्या संपावर गेल्यात का?"

"म्हणजे?"

"मधुमेहाच्या वॉर्डात एकाच्याही ताटात अंडं नाही. काल एकवीस होती."

ताई खाली गेल्या, तक्ते उघडून बसल्या. काल रात्री त्या वॉर्डात दाखल झालेल्या एका आजींना अंड्याची अ‍ॅलर्जी होती, म्हणून नर्सने त्यांच्या तक्त्यातून अंडं काढलं होतं. ते वॉर्डातल्या बावीसही तक्त्यांतून गेलं. नक्कल तक्त्याची निघत होती, पण आतली पदार्थांची यादी सगळ्यांत मिळून एकच राहिली होती. चुली बावीस, फडताळ एक.

ताईंनी मग उलटा हिशेब मांडला. कुणासाठी अंडं पुन्हा घातलं असतं, तर ते आजींच्या ताटातही गेलं असतं.

साहेब म्हणाले, "गुपचूप दुरुस्त करा. कुणाला काही झालेलं नाही ना?"

"नाही झालं, ते आचाऱ्याचं लक्ष होतं म्हणून. मी प्रोग्राम बंद ठेवते आणि वॉर्डांना कळवते."

"नाव खराब होईल."

"माझं होईल. तसं लिहूनच देते."

दोन दिवस तक्ते हाताने लिहिले गेले. नर्स वैतागल्या, एकीने तोंडावर ऐकवलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि त्याही लिहायला बसल्या. उरल्या वेळात प्रोग्राम सुधारला: प्रत्येक तक्ता आता स्वतःची नक्कल देताना आतल्या यादीचीही वेगळी प्रत काढून देई. मग एका नकलेतून दूध काढलं आणि बाकीचे तक्ते एकेक करून तपासले. दूध जागच्या जागी होतं.

तिसऱ्या दिवशी प्रोग्राम सुरू झाला. त्या वर्षी ताईंची बढती हुकली. पुढच्या वर्षी मिळाली. दोन्ही वेळा कारण कुणी सांगितलं नाही. आजी आठवड्याने बऱ्या होऊन घरी गेल्या. जेवण बेचव होतं, एवढीच त्यांची तक्रार.