फिनेल सोडलेलं घर

विजूताई गेल्याची बातमी मला भामाबाईंच्या फोनवरून कळली. सकाळची वेळ, पोळ्या चालू होत्या. भामाबाई म्हणजे मुळशीतल्या रिहे गावी विजूताईंच्या शेजारीण, शेळ्या राखणाऱ्या. त्या फोनवर कायम ओरडूनच बोलतात, त्यामुळे आधी काही वाटलं नाही. "वैनी, थांबा जरा… हाट्! हाट् म्हनलं!" मागे शेळीच्या पळण्याचा आवाज आला आणि मग एकदम हळू आवाजात त्या म्हणाल्या, "वैनी, ताई गेल्या वो. चहा ठिवला व्हता चुलीवर… बसल्या त्या उठल्याच न्हाईत." मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले.

विजूताई माझ्या थोरल्या नणंद. लग्न होऊन मी आले तेव्हा सगळ्यांनी मला त्यांच्या स्वच्छतेची भीती घातली होती. त्या पुण्यात एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका होत्या आणि घरही वॉर्डासारखंच ठेवायच्या. त्यांच्याकडे पाऊल टाकलं की फिनेलचा वास नाकात शिरायचा. लादी पुसून झाली की त्या डोळे मिटून तो वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आता कसं, मोकळं वाटलं!" मी पहिल्यांदा तिथे राहिले तेव्हा त्यांनी माझी चादर इतकी ताणून घातली होती की आत शिरायला जागा नव्हती. पण सकाळी उठले तर उशाशी चहा होता, आणि त्या पलंगाच्या कडेला बसून विचारत होत्या, "झोप लागली ना गं? आमच्या सुरेशच्या घोरण्याची सवय झाली का?" भीती तिथेच संपली.

निवृत्त झाल्यावर त्या आणि माधवराव रिह्याला राहायला गेले. माधवरावांना दमा. डॉक्टर म्हणाले, शहराच्या धुरातून बाहेर पडा. भातखाचरांच्या कडेला लहानसं बसकं घर, मागे डोंगर, शेजारी भामाबाईंचा गोठा. हवा खरोखर छान होती, फक्त ती पावसाळ्यात घरात येऊन मुक्काम ठोकायची. मुळशीचा पाऊस एकदा लागला की कपाटातल्या साड्यांना वास, चपलांवर पांढरी लव, भिंतींवर काळे ठिपके. विजूताईंनी आपलं जुनं हत्यार काढलं. सकाळ-संध्याकाळ फिनेल.

मग ते करडू गेलं. ओटी पुसून त्यांनी बादली पायरीवर ठेवली होती आणि त्या फडकं पिळायला मागे गेल्या. भामाबाईंचं एक करडू, नुकतंच उड्या मारायला शिकलेलं, येऊन त्या बादलीतलं पाणी प्यायलं; ताई परतल्या तेव्हा ते बादलीपाशी तोंड चाटत उभं होतं. संध्याकाळी ते गोठ्यात पडलं. भामाबाईंना वाटलं, काही विषारी पाला खाल्ला असेल. विजूताई गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. पण त्या स्वतः गोठ्यात गेल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "भामाबाई, ते माझ्या बादलीतलं फिनेलचं पाणी प्यायलं. माझ्यामुळे गेलं."

भामाबाईंनी करडावर गोणपाट ओढलं. मग म्हणाल्या, "ताई, माझी शेरडं हितंच ऱ्हानार. तुमच्या दारात येनार, त्यास्नी काय कळतंय? तवा तुमीच काय ते ठरवा."

त्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा विजूताईंनी घरातल्या सगळ्या बाटल्या आमच्या गाडीच्या डिकीत भरल्या. "घेऊन जा रे सुरेश. माझ्या डोळ्यांसमोर नकोत." कितीतरी दिवस आमच्या गाडीला रुग्णालयाचा वास येत होता.

पुढचं सगळं ऐकायला गमतीचं, पण ताईंसाठी सोपं नव्हतं. सारी नोकरी ज्या वासाला त्या स्वच्छता म्हणत आल्या, तोच सोडायचा होता. त्यांनी व्हिनेगर आणलं. ओटीवरच्या शहाबादी फरशीवर ओतलं आणि फरशी जागोजागी पांढरी पडली. भामाबाई दारातून नाक धरून म्हणाल्या, "ताई, घर पुसताय का लोनचं घालताय?" मग कपाटांत कापूर ठेवला, तर घरातलं मांजर शिंकून शिंकून लाळ गाळायला लागलं, कापूर बाहेर. मग कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. तो मात्र माधवरावांना लागला. त्यांना असा दमा लागला की पौडच्या दवाखान्यात ठेवावं लागलं.

आम्ही धावत गेलो. नळी लावलेले माधवराव आणि शेजारी स्टुलावर ताठ बसलेल्या विजूताई. इतर वेळी रुग्णाच्या नातेवाइकांना धीर देणारी बाई त्या दिवशी पदराचं टोक नुसतं पिळत होती. आमचे हे चिडले होते. "ताई, पुरे झाले हे प्रयोग. भिंतींची बुरशी त्यांच्या छातीत चाललीय. ब्लीच मार आणि मोकळी हो. शेळ्या मोठ्या की माणूस?"

"अरे, ब्लीचच्या वासानेही ह्यांना उबळ येते," ताई म्हणाल्या. "मी फिनेल वापरत होते तेव्हाही हे खोकत होतेच की. मी म्हणायचे, पावसामुळे… शेळ्यांचं राहू दे. ह्यांच्यासाठी तरी मला दुसरं काही शोधू दे."

आणि त्यांनी शोधलं. नर्स होत्या, एकदा रोग समजला की पाठ सोडायच्या नाहीत. पाणी ओतून घर धुणं बंद केलं. ओलाव्यात आणखी ओल कशाला? रिठे उकळून त्या पाण्यात फडकं बुडवायचं, घट्ट पिळून पुसायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं. पुसून होईपर्यंत माधवरावांनी अंगणात थांबायचं, मग पाय पुसूनच आत यायचं. तेलकट ओट्याला धुण्याचा सोडा. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढली, आत ओल शोषायला कोळशाच्या परड्या ठेवल्या. उन्हाळ्यात भिंतींना चुना मारला, भामाबाई आणि त्या दोघींनी मिळून, आणि दोघींचेही केस पांढरे झाले तेव्हा भामाबाई म्हणाल्या, "आता वळकू येईना कोन म्हातारी ते." डोंगराकडची थंड खोली सोडून माधवरावांचा पलंग उन्हाच्या खोलीत आणला. पावसाने जरा उघडीप दिली की हातातलं काम टाकून समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या. सकाळी त्या टॉर्च घेऊन कपाटांच्या मागे फिरायच्या. म्हणायच्या, "राऊंड घेते. कुठल्या भिंतीला ताप आलाय बघू."

पुढच्या पावसाळ्यात आम्ही गेलो तर माधवराव ओटीवर बसून मोठ्याने पेपर वाचत होते. मधे न थांबता, धाप न लागता. विजूताई आतून ऐकत होत्या. मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "ऐकतेस ना? अख्खं पान वाचलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात फडकं. त्यांनी त्या फडक्यानेच डोळे टिपले आणि मग आम्ही दोघी हसत सुटलो. ओटीवर भामाबाईंच्या दोन शेळ्या पाय पोटाशी घेऊन निवांत बसल्या होत्या. त्यांना उठवायला कुणी गेलं नाही.

सुतक फिटल्यावर घर धुवायचं होतं. माधवरावांच्या चुलत वहिनी पुण्याहून आल्या त्या फिनेलच्या बाटल्या घेऊनच. त्यांचं काय चुकलं? सगळीकडे असंच करतात. त्या बाटलीचं झाकण उघडणार, एवढ्यात भामाबाई दारात आल्या. दोन्ही हातांत मोठं पातेलं, त्यातून वाफ निघत होती. आपल्या चुलीवर त्यांनी रिठे उकळून आणले होते.

"बाई, ती बाटली गाडीत ठिवा," त्या म्हणाल्या. "ह्या घरात न्हाई चालत."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी मुकाट्याने बाटल्या पिशवीत घातल्या आणि साडी खोचून स्वतःही एक फडकं उचललं.

माधवराव मात्र अस्वस्थ होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अनघा, आजच धुवायला हवं का गं? अजून… अजून थोडं तसंच राहिलं असतं." त्यांना वाटत होतं, आपण तिला पुसून टाकतोय. मी त्यांना बाहेर अंगणात खुर्ची टाकून दिली. ते पाठमोरे बसले, खाचरांकडे बघत.

आम्ही तिघींनी घर पुसलं. फडकी घट्ट पिळली, कोरड्याने टिपली, कपाटांमागे हात घातला. सगळ्या खिडक्या उघडल्या. पाऊस थांबला होता, उन्हाची तिरीप पलंगापर्यंत आली होती. रोज हीच वेळ असायची, हाच रिठ्यांचा दमट, किंचित आंबूस वास, हीच अर्धी सुकलेली लादी.

माधवराव बाहेरून उठून आले. उंबऱ्याशी थांबले. त्यांनी सवयीने छाती भरून श्वास घेतला, आणि सवयीनेच आत हाक मारली, "विजू, झालं का गं? येऊ का?"

आम्ही जिथल्या तिथे थांबलो. त्यांच्याही लक्षात आलं, आणि ते उंबऱ्यापासून एक पाऊल मागे सरले. भामाबाईंनी नाक ओढलं, हातातलं फडकं खाली ठेवलं आणि ताईंच्याच धारदार आवाजात म्हणाल्या,

"झालं. या. पाय पुसून या."

माधवरावांनी पाय पुसले. नीट, एकेक करून. आणि आत आले.