नेल्लोची खुशाली

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि आई होती तोवर तिच्याजवळही नाही. मेडशीच्या किसनला अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं माझ्याशिवाय कोणालाच नाही. आता तुम्हाला सांगतो, ते काही हिंमत आली म्हणून नव्हे. दमलो आहे, एवढंच. एखादं ओझं डोक्यावर इतकी वर्षं वागवावं की शेवटी मान दुखते का डोकं, हेही कळू नये — तसं झालं आहे.

आम्ही शेलूबाजारच्या बाजूचे बागाईतवाले. विहिरीवर मोट, तिच्या पाण्यावर वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बाजाराच्या दिवशी भाजीनं भरलेली बैलगाडी. पण त्या गाडीत भाजीबरोबर सांगावेही यायचे. इकडची लेक तिकडे दिलेली असायची. तिची आई बाजारात आमच्या दुकानापाशी येऊन हळूच विचारायची — दिसली का हो आमची पोर? आणि बा, म्हणजे माझे वडील, वांगी तोलता तोलता म्हणायचे, "दिसली ना. खुशाल हाये."

कधी दिसलेली असायची, कधी नसायची. एकदा मी त्यांना टोकलं. बा हसले. म्हणाले, "खुशाल हाये म्हनलं त आपल्या बापाचं काय जाते? तिची माय आठ दिवस सुखानं भाकर खाते." पुढच्या बाजाराला कोणीतरी खरी खबर आणायचाच. आठ दिवसांचं खोटं ते, आठ दिवसांत विरून जायचं. त्याचा राग कोणी धरत नसे. आमच्याकडे ती रीतच होती म्हणा ना.

बांचं नाव मी आडोशाला घेतोय असं समजू नका. बा कधी सातासमुद्रांपलीकडे गेले नव्हते. मी गेलो होतो.

लढाईत मी भरती झालो, लॉरी चालवायला शिकलो आणि फिरत फिरत इटलीत पोचलो. दोन हिवाळे तिथे काढले. तिथली बोली मोडकीतोडकी का होईना, बोलू लागलो. मग लढाई संपली. घरी न्यायला जहाज मिळेना, म्हणून साहेबांनी आम्हाला आठवड्याची सुटी दिली — जा, मुलूख पाहून या. किसन माझ्याच तुकडीत होता. डोंगरावर एक दगडी गाव आहे, तिथे श्रीमंतांनी एकमेकांच्या चुरशीनं उंच उंच बुरूज बांधले आहेत, असं त्यानं ऐकलं होतं. चला म्हटलं, पाहू. वाटेत पावसानं गाठलं आणि एका शेतकऱ्याच्या घरच्या बाईनं आम्हाला हाक मारून आत घेतलं.

तिचं नाव असुंता. नवरा पिएत्रो, तो उंच, वाकलेला, अबोल. तिनं आमचे ओले कोट चुलीशी टांगले आणि ज्वारीच्या कण्यांसारखं घट्ट शिजवलेलं मक्याचं अन्न पुढे ठेवलं. दोन वर्षं डब्यातलं खाल्लेला माणूस मी. पहिल्या घासाला मळा आठवला. चुलीच्या वर एक तसबीर होती — शिपायाच्या कपड्यातला पोरगा, डाव्या भुवईत वण. असुंतानं विचारलं, तुम्ही हिंदुस्थानचे? हो म्हटलं. तिचा हात चमच्यावरच थांबला.

तो तिचा मुलगा, नेल्लो. आफ्रिकेच्या लढाईत गेला तो तीन वर्षं पत्र नाही. कैद केलेल्या इटालियनांना इंग्रजांनी हिंदुस्थानात नेलंय, एवढं तिच्या कानावर आलं होतं. तुम्ही तिकडचे, मग आमचा नेल्लो पाहिलात का? तिच्या हिशेबी हिंदुस्थान म्हणजे डोंगरापलीकडची खोरी. हसू नका. माझी आई तरी काय करत होती? मुंबईहून आलेल्या कोणालाही माझी खबर विचारत होती.

इटालियन कैदी मी पाहिले होते, हे खरं आहे. आपल्याकडच्याच एका स्टेशनात, समोरून जाणाऱ्या गाडीत. खिडकीतून कोणीतरी हात हलवला होता. चेहरा? एकही आठवत नव्हता.

"पाहिला," मी म्हणालो. "खुशाल आहे."

किती सहज आलं ते तोंडातून! वांगी तोलता तोलता यावं तसं. आणि तेवढ्यावर तरी थांबावं की नाही? भुवईवर बोट ठेवून मी म्हणालो, इथे वण आहे त्याला. तसबीर माझ्या समोरच होती हो. पण त्या बाईला तसबीर कुठे दिसत होती? ती माझे हात धरून रडत होती. मग तिनं दारातून हाका मारल्या आणि शेजारच्या घरातून एक मुलगी पिठाच्या हातांनी धावत आली. जीना. नेल्लोशी तिचं लग्न ठरलेलं होतं. तिला मी सगळं पुन्हा सांगितलं, आणि पहिल्यापेक्षा जास्त रंगवून सांगितलं.

किसननं जेवण उरकलं. पाऊस उघडल्यावर मला विहिरीकडे घेऊन गेला.

"काहून खोटं बोलून राह्यला गा तू?"

"त्या मायले बरं वाटलं ना."

"आन तो पोरगा आलाच नाई त?"

मी खांदे उडवले. किसननं टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "मले या घरचा घास नाई गिळत. मी चाललो." आणि खरंच तो छावणीकडे परत फिरला. बुरूज पाहायचे त्याच्याच मनात होतं, ते त्यानं पाहिले नाहीत.

मी राहिलो. सहा दिवस.

इथे मला जरा थांबू द्या. कारण खोटं एका दमात निघून गेलं होतं, पण हे सहा दिवस मी एकेक करून राहिलो आहे. मला नेल्लोची खोली दिली, नेल्लोची खाट. जीना आणि असुंता मला गाव दाखवायला घेऊन गेल्या. मी बुरूज पाहिले, देऊळ पाहिलं, भिंतींवरची रंगीत चित्रं पाहिली. पण मी कसला पाहतोय! लोकच मला पाहायला येत होते. नेल्लोला पाहिलेला माणूस! खाणावळवाल्यानं पैसे घेतले नाहीत. म्हाताऱ्या बाया माझ्या गालाला हात लावत. जन्मात मला कोणी इतकं मानलं नव्हतं, आणि — सांगतोच आता — मला ते आवडलं. फार आवडलं.

रोज नवं काहीतरी लागायचं. मग नेल्लोला मी आमच्याच मळ्यात कामाला लावला. तो मोट हाकतो, वांगी लावतो, भाकरी खायला शिकलाय, अंगानं भरलाय. असुंता हसायची. म्हणायची, घरी कधी कुदळीला हात लावला नाही, आणि तिकडे बघा! जीना हसत नसे. ती एकेक शब्द टिपून घ्यायची. गिरणीवाल्याच्या मुलानं तिला मागणी घातली आहे आणि हिवाळ्यापूर्वी बार उडायचा आहे, हे मला त्याच गावात कळलं. चौथ्या दिवशी तिनं त्याला नकार कळवला. हेही मला कळलं. तेव्हा तरी तोंड उघडायला नको होतं का?

सहाव्या दिवशी दुपारी पिएत्रोनं मला गोठ्यात बोलावलं. दार लावून घेतलं. तुळईच्या फटीतून एक चिंधी काढली आणि उलगडून माझ्या तळहातावर ठेवली. आत एक लहानसं पितळी पदक होतं. त्यावर त्यांची देवी, कडेवर बाळ घेतलेली. नेल्लो निघाला तेव्हा असुंतानं त्याच्या गळ्यात घातलेलं. वर्षापूर्वी नेल्लोच्या पलटणीतला एक माणूस ते घेऊन आला होता. नेल्लोला आपण स्वतः वाळूत पुरला, असं त्यानं पिएत्रोला सांगितलं होतं. बायकोला सांगायची पिएत्रोला छाती झाली नाही. फक्त जीनाला त्यानं सांगितलं, तेही त्याच उन्हाळ्यात, पोरगी उगाच बसून राहू नये म्हणून. म्हणून तर तिनं गिरणीवाल्याच्या मुलाला होकार दिला होता. आणि मग पावसात भिजलेला मी आलो.

मला वाटलं, आता हा माझी मानगूट धरणार. धरली असती तर किती बरं झालं असतं! पण तो उंच माणूस माझ्यापुढे आणखीच वाकला. तो म्हणाला, त्या माणसाची चूक झाली असेल ना? वाळूत सगळे चेहरे सारखेच दिसतात. तू तर वण पाहिलास. डोळ्यांनी पाहिलास ना?

वर्षभर एकट्यानं पोराचं मरण छातीशी धरलेला बाप माझ्यापुढे ते सोडून द्यायला उभा होता. गोठ्यात एक गाय आणि आम्ही दोघं. 'नाही' एवढं म्हणायचं होतं. त्यांच्या बोलीत तो शब्द आपल्यापेक्षाही लहान आहे.

मी म्हणालो, "पाहिला."

त्याच्या सुखासाठी म्हणालो का? पुष्कळ दिवस मी स्वतःला तसं पढवलं. पण खरं ते सांगतो. मला भीती वाटली. तो मारील याची नाही. बाहेर असुंता माझ्यासाठी अंडी तळत होती, संध्याकाळी लोक येणार होते, आणि त्या सगळ्यांसमोर मी लबाड ठरणार होतो, याची. तेवढ्यासाठी मी तो पोरगा जिवंत ठेवला.

पिएत्रो गायीच्या पाठीवर डोकं ठेवून रडला. मग डोळे पुसून त्यानं पदक पुन्हा चिंधीत गुंडाळलं आणि माझ्या खिशात घातलं. म्हणाला, तू परत जाशील तेव्हा हे त्याला दे. त्याच्या गळ्यात हे नाही असं त्याच्या आईला कळलं तर तिला झोप लागणार नाही.

पोराची तेवढी एक खूण त्या घरात उरली होती. ती मी खिशात घालून दुसऱ्या दिवशी निघून आलो. असुंतानं पत्ता मागितला. तोही लिहून दिला, आणि बरोबर लिहून दिला. त्यात मात्र खोटं लिहायचं सुचलं नाही.

इकडे आल्यावर किसन बाजारात भेटला की विचारायचा, "लिवलं का गा त्याइले?" मी म्हणायचो, लिहितो. पुढे त्यानं विचारणं सोडलं. आता लांबूनच राम राम घालतो आणि वांगी दुसऱ्याकडून घेतो.

दोन पत्रं आली. पहिलं असुंताचं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, लांबलचक. दुसरं जीनाचं. दोनच ओळी. नेल्लो अजून का आला नाही? मी वाट पाहते आहे. एवढं इटालियन मला वाचता येतं. उत्तर लिहिण्याइतकंही येतं. दोन वर्षं झाली त्या पत्राला.

पदक मी पेटीच्या तळाशी टाकलं होतं. गेल्या साली माझी लेक तापानं फणफणली तेव्हा बायकोनं घर उलथंपालथं केलं आणि तिला ते सापडलं. मला म्हणाली, "देवी हाये ना ही? मंग पेटीत काहून कोंडली तुमी?" काळ्या दोऱ्यात ओवून तिनं ते पोरीच्या गळ्यात बांधलं. ताप उतरला. आता लेक ते काढू देत नाही, आणि काढ म्हणायला मला तोंड नाही.

पोर वांग्याच्या सरीतून पळते तेव्हा ते उन्हात चमकतं. परवा तिनं मला विचारलं, "बा, हे कोनं देल्लं?"

मी म्हणालो, बाजारातून आणलं.